ज्याला शूटिंग येत नाही म्हणून चिडवायचे, तो जेसन किड पस्तिशीत थ्री-पॉइंटर कसे मारायला लागला?

एनबीएमध्ये जेसन किडची बरीच टोपणनावं होती. त्यातलं एक जरा खोचक होतं, 'एसन'. जेसन हे नाव इंग्रजीत 'जे' अक्षरापासून सुरू होतं आणि खेळाडूंच्या बोलीत जंप शॉटलाही 'जे' म्हणतात. किडकडे 'जे'च नाही, मग नावात तरी कशाला ठेवायचा, असा तो टोमणा.

टोमणा खोटाही नव्हता. पास देण्यात त्याच्या तोडीचे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके होते, पण लांबून बास्केट करायची वेळ आली की समोरचा बचावपटू आरामात दोन पावलं मागे सरकायचा. मार म्हणायचा, तुला कोण अडवतंय.

हाच किड २०१३ मध्ये चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर १,९८८ थ्री-पॉइंटर होते. एनबीएच्या इतिहासात त्याच्यापुढे तेव्हा दोनच माणसं होती, रे ॲलन आणि रेजी मिलर. दोघंही खास शूटर म्हणूनच ओळखले जाणारे.

१९ मोसम खेळलं की आकडे साचतातच, असं यावर कुणीही म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण किडची टक्केवारी वयाच्या उलट दिशेने गेली. त्याचे सगळ्यात चांगले दोन शूटिंग मोसम आले ते पस्तिशी उलटल्यावर. पाय मंदावतात, उडी कमी होते, गुडघा कुरकुरतो, त्या वयात. हे कसं झालं?

आधी थ्री-पॉइंटचं गणित

बास्केटबॉलमध्ये साध्या बास्केटला २ गुण आणि ठरलेल्या रेषेबाहेरून मारलेल्या बास्केटला ३ गुण. एनबीएत ही रेषा रिंगपासून समोरच्या बाजूला ७.२४ मीटरवर आहे. मैदानाच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र ती आत येते, तिथे अंतर ६.७० मीटरच भरतं. म्हणजे कोपऱ्यातला थ्री-पॉइंटर जवळजवळ पावणेदोन फुटांनी सोपा, आणि गुण तेवढेच. (आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात. त्यात रेषा ६.७५ मीटरवर असते, त्यामुळे टीव्हीवर दिसणारा एनबीएचा थ्री-पॉइंटर शाळा-कॉलेजच्या मैदानावरच्या थ्री-पॉइंटरपेक्षा बराच लांबचा असतो.)

टक्केवारीचा हिशोब सोपा आहे. थ्री-पॉइंटर ४० टक्के बसले तर १०० प्रयत्नांत १२० गुण होतात. जवळून २ गुणांचे शॉट मारून तेवढे गुण हवे असतील, तर ६० टक्के बसवावे लागतात. म्हणून ४० टक्के हा आकडा गाठणारा शूटर कुठल्याही संघाला हवाच असतो.

किडचा पहिला मोसम १९९४-९५ चा. डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं आणि पहिल्याच वर्षी ग्रँट हिलसोबत त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार विभागून मिळाला. त्या मोसमात त्याने २५७ थ्री-पॉइंटर मारले, बसले ७०. टक्केवारी २७.२. म्हणजे १०० प्रयत्नांत ८१ गुण.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एनबीएने त्याच मोसमापासून तीन वर्षं थ्री-पॉइंट रेषा सगळीकडे ६.७० मीटरवर आणली होती. किडला सुरुवातीलाच सोपी रेषा मिळाली होती, तरी ही अवस्था.

मग तो एवढा मोठा खेळाडू कशामुळे होता?

किड पॉइंट गार्ड होता. पॉइंट गार्डचं काम म्हणजे चेंडू पुढे आणायचा, कोण कुठे पळतोय ते बघायचं आणि मोकळ्या माणसापर्यंत चेंडू पोचवायचा. सहा फूट चार इंच उंचीचा किड स्वतःच रिबाउंड घ्यायचा आणि तिथून सुसाट सुटायचा. समोरचा संघ मागे वळेपर्यंत चेंडू रिंगखाली पोचलेला असायचा. या खेळात वेग, ताकद आणि नजर लागते. लांबचा नेम नसला तरी चालतं.

डॅलसहून तो फीनिक्सला गेला आणि २००१ मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे आला. आदल्या मोसमात फक्त २६ सामने जिंकलेल्या नेट्सने त्याच्या पहिल्याच वर्षी ५२ जिंकले. २००२ आणि २००३ अशी सलग दोन वर्षं संघ फायनलला पोचला. दोन्ही वेळा हरला, एकदा लेकर्सकडून ०-४, एकदा स्पर्सकडून २-४. २००२ मध्ये 'सर्वात मौल्यवान खेळाडू'च्या मतदानात तो टिम डंकननंतर दुसरा आला. त्या मोसमात त्याचे थ्री-पॉइंटर बसले ३२.१ टक्के. लीगमधला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आणि शूटिंग जेमतेम.

२००४ च्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली. यात हाडाला बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे तिथे कुर्च्यासारखी नवी ऊती तयार होते. ज्याचा सगळा खेळ पळण्यावर उभा आहे, अशा ३१ वर्षांच्या गार्डसाठी ही साधी शस्त्रक्रिया नव्हती. तो परतला, चांगला खेळलाही, पण तो पूर्वीचा सुसाट वेग पुन्हा दिसला नाही.

नेट्समध्ये असताना शूटिंग प्रशिक्षक बॉब थेट यांच्यासोबत त्याने काम केलं. थेट यांनी पुढे लॉस एंजेलिस क्लिपर्सच्या खेळाडूंचे शॉटही घडवले. किडच्या सुधारणेची गोष्ट बरेचदा इथेच संपवली जाते. चांगला कोच भेटला, मेहनत केली, शॉट सुधारला. सोशल मीडियावरच्या प्रेरणादायी रीलसाठी एवढं पुरतं. आकडे मात्र थोडी वेगळी गोष्ट सांगतात.

फ्री थ्रोचा पुरावा

हाताचा नेम खरंच कसा आहे हे बघायचं असेल तर फ्री थ्रो बघावेत. समोर कुणी नसतं, अंतर कायम तेच, वेळही पुरेसा. किडने पहिल्या मोसमात ६९.८ टक्के फ्री थ्रो बसवले होते. गार्डसाठी हे कमीच. पण २००२-०३ मध्ये हाच आकडा ८४.१ झाला होता. म्हणजे तिशीच्या आसपास त्याचा हात चांगला बसला होता.

आणि त्याच २००२-०३ मध्ये त्याचे थ्री-पॉइंटर किती बसले? ३४.१ टक्के.

हात ठीक, तरी लांबचे शॉट बसेनात. याचा अर्थ अडचण फक्त हातात नव्हती. तो कसले शॉट मारत होता, हेही बघायला हवं.

नेट्समध्ये चेंडू सतत किडकडे असायचा. हल्ल्याची सुरुवात तोच करायचा आणि काहीच जमलं नाही, घड्याळ संपत आलं, की शेवटी शॉटही तोच मारायचा. ड्रिबल करताकरता थांबायचं, तोल सावरायचा, समोर हात वर करून उभ्या असलेल्या बचावपटूवरून चेंडू सोडायचा. शूटिंगमधला हा सगळ्यात अवघड प्रकार. स्टेफ करीसारख्यांनी तो सोपा वाटायला लावला, पण बहुतेक खेळाडूंचे असे शॉट उभ्याने मारलेल्या शॉटपेक्षा कमीच बसतात. कारण उघड आहे. लांबच्या शॉटची ताकद पायांतून येते आणि चालत्या पायांना आधी थांबावं लागतं.

डॅलसला परत आला तेव्हा लोक हसले

फेब्रुवारी २००८ मध्ये मॅव्हरिक्सने किडला परत आणलं. त्याबदल्यात तरुण, वेगवान गार्ड डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क दिले. किड तेव्हा ३५ ला टेकला होता. म्हाताऱ्यासाठी भविष्य विकलं, अशी टीका झाली. त्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत न्यू ऑर्लिन्सने डॅलसला ४-१ ने घरी पाठवलं आणि २२ वर्षांच्या ख्रिस पॉलपुढे किड मागे पडलेला सगळ्यांनी पाहिला. पुढच्याच मोसमात हॅरिस ऑल-स्टार झाला. टीकाकारांचं म्हणणं खरं ठरतंय असंच तेव्हा वाटत होतं.

पण डॅलसला आल्यापासून त्या मोसमात किडचे थ्री-पॉइंटर ४६ टक्क्यांच्या आसपास बसले होते. २९ सामन्यांचाच हिशोब असल्याने तुक्का म्हणून सोडून देता आला असता. पुढच्या मोसमात, २००८-०९ मध्ये, तो ४०.६ टक्क्यांवर होता. त्याच्या पुढच्या, २००९-१० मध्ये, ४२.५. त्या मोसमात ४१४ प्रयत्नांत १७६ बसले, १०० प्रयत्नांत १२७ गुण. वय ३६, मार्चमध्ये ३७ लागलं. आणि हे काही बाकावर बसून, अधूनमधून येऊन नव्हे. तो ८० सामने खेळला, सामन्यामागे साधारण ३६ मिनिटं, आणि ९.१ असिस्ट.

बदललं काय?

सगळ्यात मोठं उत्तर सात फुटी होतं आणि जर्मनीहून आलं होतं. डर्क नोविट्स्की.

नोविट्स्कीला एकट्याने अडवणं जवळपास अशक्य होतं. एका पायावर मागे झुकून तो शॉट मारायचा आणि तो अडवायला कुणाचा हातच पोचायचा नाही. म्हणून समोरचे संघ त्याच्यावर दुसरा माणूस पाठवायचे. दोघं त्याच्याकडे गेले की डॅलसचा एक खेळाडू मोकळा राहणार, हे ठरलेलं. मग समोरचा प्रशिक्षक विचार करणार, मोकळं सोडायचंच असेल तर कुणाला सोडू? जेसन टेरीला सोडणं म्हणजे आत्मघात. त्यापेक्षा किडला सोडू. 'एसन'च तो.

म्हणजे जुनी बदनामी किडच्या कामाला आली. नोविट्स्कीच्या बाजूला लांब उभं राहायचं, दोन्ही पाय रोवायचे, हात तयार ठेवायचे आणि चेंडू आला की सोडायचा. ड्रिबल नाही, तोल सावरणं नाही. उतारवयातला त्याचा शॉट बघितला तर तो जमिनीवरून जेमतेम उडायचा. उडायची गरजही नव्हती, जवळ कुणी आलेलंच नसायचं.

दुसरा बदल त्याने स्वतः केला. न बसणारे शॉट मारणं त्याने सोडलं. गार्ड थकला की साधारण आधी जातो तो रिंगपर्यंत घुसण्याचा वेग, मग तो मधल्या अंतरावर अडकतो आणि तिथून वेडेवाकडे शॉट मारत राहतो. किडने तो मधला टप्पाच जवळपास बंद केला. डॅलसमध्ये त्याच्या एकूण शॉटपैकी निम्म्याहून जास्त थ्री-पॉइंटर होते. ऐकायला हे सोपं वाटतं. पण दहा वर्षं ज्याच्या हातात चेंडू देऊन संघ निर्धास्त व्हायचा, त्या माणसाला 'आता तू बाजूला उभा राहा, चेंडू येईल' हे पटवून घेणं सोपं नसतं. अनेक मोठ्या खेळाडूंची शेवटची दोन-तीन वर्षं यातच वाया जातात.

क्रिकेटमध्ये आपण हे पाहिलंय. श्रीरामपूरच्या झहीर खानने रनअप छोटा केला, वेगाचा हट्ट सोडला, नकल बॉल हाताशी ठेवला आणि २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये शाहिद आफ्रिदीच्या जोडीने सर्वाधिक २१ विकेट्स घेतल्या. तरुणपणी तो जास्त वेगात टाकायचा, पण जास्त धोकादायक कधी होता यावर वाद होऊ शकतो.

थेट यांच्यासोबतच्या मेहनतीचं काय मग? ती वाया गेली असं नाही. मोकळा शॉट मिळाला तरी तो बसवावा लागतोच आणि २७ टक्केवाल्या हाताने तो ४२ टक्के बसला नसता. पण सुधारलेल्या हाताला सोपे शॉट मिळायला डॅलस गाठावं लागलं. किती श्रेय कशाला द्यायचं असं विचारलं, तर फ्री थ्रोचे आकडे बघता पारडं शॉटच्या निवडीकडेच झुकतं.

२०११: टक्केवारी घसरली आणि किताब मिळाला

ही गोष्ट सरळ वर जात नाही. २०१०-११ मध्ये किडची टक्केवारी पुन्हा ३४.० वर आली. फ्री थ्रो मात्र ८७.० टक्के, म्हणजे हात शाबूत होता. ३८ वर्षांचे पाय लांबच्या मोसमात थकत होते, असं मानायला जागा आहे. प्लेऑफ सुरू होताना डॅलसकडून कुणालाच फार अपेक्षा नव्हत्या.

पोर्टलँडविरुद्ध पहिल्याच सामन्यात किडने ६ थ्री-पॉइंटर मारून २४ गुण केले. पुढे लेकर्सना डॅलसने ४-० ने उडवलं.

मग वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, ओक्लाहोमा सिटीविरुद्ध चौथा सामना. पाच मिनिटं राहिलेली आणि डॅलस १५ गुणांनी मागे. तिथून बरोबरी झाली, सामना ओव्हरटाइममध्ये गेला. नोविट्स्कीने त्या दिवशी ४० गुण केले. पण ओव्हरटाइमची साधारण ४० सेकंद उरली असताना कोंडी फोडणारा थ्री-पॉइंटर किडचा होता. डॅलस ११२-१०५ ने जिंकलं.

फायनलला समोर मायामी हीट. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, ख्रिस बॉश. मालिका १-२ अशी मागे असताना प्रशिक्षक रिक कार्लाईल यांनी चौथ्या सामन्यापासून जेजे बरेयाला सुरुवातीच्या पाचात घेतलं. सहा फुटांच्या आतला हा पोर्तो रिकोचा गार्ड चेंडू घेऊन थेट घुसायचा. किडने तरुणपणी केलेलं काम आता बरेया करत होता आणि किड बाहेर उभा राहून वाट बघत होता. पाचव्या सामन्यात डॅलसने १९ पैकी १३ थ्री-पॉइंटर बसवले. शेवटच्या दीड मिनिटात आघाडी वाढवणारा एक किडचा होता. १२ जून २०११ ला मायामीत सहावा सामना १०५-९५ ने जिंकून डॅलसने पहिल्यांदा किताब घेतला. किडचाही तो पहिलाच, १७ व्या मोसमात.

सगळ्यांना हे जमतं का?

नाही. आणि प्रत्येकाला जमावंच लागतं असंही नाही. किडच्याच पिढीतला आंद्रे मिलर हा गार्ड चाळिशीपर्यंत एनबीएत टिकला, तेही कारकिर्दीत थ्री-पॉइंटर २२ टक्क्यांच्या आसपासच बसवून. तो पाठीने ढकलत रिंगजवळ जायचा आणि हळूहळू खेळायचा. ड्वेन वेडने तीन किताब जिंकले आणि त्याची थ्री-पॉइंटची कारकीर्द टक्केवारी ३० च्या खालीच राहिली. दुसरीकडे लेब्रॉनने २०२३-२४ मध्ये, ३९ व्या वर्षी, ४१ टक्के थ्री-पॉइंटर बसवले.

लांबचा शॉट म्हातारपणाची काठी मानला जातो, कारण त्यात वेग लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. वेग नाही तरी पाय लागतातच. याचं उदाहरण पुन्हा किडच आहे.

२०१२ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडे गेला. डिसेंबरमध्ये ब्रुकलिनविरुद्ध अगदी शेवटी त्याने मारलेल्या थ्री-पॉइंटरवर निक्सने १००-९७ ने सामना जिंकला, तेव्हा तो ३९ चा होता. मोसमभराची टक्केवारीही ३५.१, वाईट नाही. पण प्लेऑफपर्यंत पाय संपले. त्याच कोपऱ्यात, तसेच मोकळे शॉट मिळत होते आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत येत होता. शेवटच्या सलग दहा प्लेऑफ सामन्यांत किडला एकही गुण करता आला नाही.

३ जून २०१३ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर नऊ दिवसांनी ब्रुकलिन नेट्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं.